रासकर सरांची शेजपाळी

भर एप्रिलात, डांबर चपलेला चिकटतं अशा उन्हात, बारामतीच्या मंडईत अंगात लोकरी स्वेटर घालून वांगी निवडणारा माणूस दिसला, की ते आमचे रासकर सर. भाजीवाल्या मावशी दर खेपेला तोच प्रश्न विचारायच्या, "सर, थंडी वाजतीया व्हय?" आणि सर वांग्याचं देठ बघत बघत कॉलेजच्या दिशेनं हात करायचे. "हितं न्हाय वाजत. तितं वाजती."

तितं म्हणजे यंत्राच्या खोलीत. बाकीचे सगळे त्याला महासंगणक म्हणायचे, वर्तमानपत्रात तर 'ग्रामीण भागातला पहिलावहिला' वगैरे छापून आलं होतं. सर मात्र त्याला नुसतं यंत्र म्हणायचे. चार काळी कपाटं, आत दिव्यांची उघडझाप, आणि बाहेरच्या फुफाट्याला न जुमानणारा गारवा. दिवसातला बराच वेळ ते त्या गारव्यात असायचे आणि बाहेर पडताना स्वेटर काढायचा विसरायचे. बायको रागवायची, विद्यार्थी हसायचे. सरांना दोन्ही ऐकू येत नसे.

मी त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. वालचंदनगरहून रोज बसनं ये-जा करते. कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली असल्यामुळे मला शेतातलं फार कळत नाही, आणि संगणकातलं त्याहून कमी. पण आमची स्टाफरूममधली टेबलं शेजारी होती आणि डबे एकाच वेळी उघडत. सरांच्या डब्यातला ठेचा मी खायची आणि माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी ते 'आजाऱ्याचं जेवण' म्हणून नाकारायचे. इतकीच आमची मैत्री.

सर आता नाहीत. स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी गेले, आणि एका सकाळी शेतात दारं धरताना, म्हणजे उसाला पाणी फिरवताना, बांधावर बसले ते उठलेच नाहीत. कॉलेजात शोकसभा झाली. मागे लावलेल्या फलकावर 'संगणकयुगाचे शिल्पकार' असं लिहिलं होतं. मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, दोन वाक्यं बोलले आणि बसले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात ना, मग गाल आपला आहे हे हात लावून बघावं लागतं, तसं झालं होतं. अजूनही थोडंफार तसंच आहे. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहून काढते आहे.

यंत्र आलं ते एका योजनेतून. मोठ्या शहरांपलीकडच्या कॉलेजांतही संशोधनाला आणि शिकवायला मोठी संगणकशक्ती असावी, म्हणून ठिकठिकाणी अशी केंद्रं काढायची होती. एक आमच्या वाट्याला आलं. काही वर्षं बघायचं, मग समिती येणार, वापर पाहणार आणि केंद्र इथंच ठेवायचं की उचलायचं ते ठरवणार. हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. सरांना तर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांनी नारळ आणला होता. सर दारात आडवे. "अध्यक्षसाहेब, पाणी आत न्यायचं न्हाय." अध्यक्ष म्हणाले, "अहो, देवाचं पाणी आहे." सर म्हणाले, "यंत्राला त्यातलं काय कळत न्हाय, साहेब." शेवटी नारळ बाहेरच्या पायरीवर फुटला, हळदीकुंकू दाराच्या चौकटीला लागलं आणि फोटोत अध्यक्षांचा चेहरा आंबट आला. सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. पाहुण्यांना वाटलं भक्तिभाव. भक्तिभाव कसला, धुळीची भीती. आमच्याकडे मातीचा फुफाटा बारमाही, आणि गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याची काजळी वाळत घातलेल्या धोतरावरसुद्धा उतरते. यंत्राच्या खोलीची एसीची जाळी त्या दिवसांत कोळशाच्या दुकानातून आणल्यासारखी व्हायची. धुवायला शिपाई होते. पण सर स्वतः धुवायचे, बाथरूमच्या नळाखाली, कपडे धुण्याच्या ब्रशनं. प्राचार्यांनी एकदा बघितलं आणि कपाळावर हात मारला. "रासकर सर, तुम्ही विभागप्रमुख आहात." सर म्हणाले, "व्हय की. मंग विभाग धुतोय."

शनिवारी आसपासची मुलं शिकायला यायची. इंदापूर, निमगाव केतकी, सणसर, कुठून कुठून. एकाच कामाचे तुकडे करून पुष्कळ प्रोसेसरांना वाटून द्यायचं आणि शेवटी सगळं गोळा करायचं, हे अशा यंत्राचं मूळ. पहिल्याच शनिवारी सरांनी फळ्यावर काहीही न लिहिता डाळिंबाचे क्रेट आणवले. प्रत्येक बाकाला एक. लहान, मध्यम, मोठी अशी फळं निवडायची. सगळ्या बाकांचं झाल्याशिवाय कुणी जेवायला जायचं नाही. दोन बाकं चटकन मोकळी झाली, एक मात्र रखडलं. त्या बाकावर दोन्ही पोरं वालचंदनगरची, माझ्यासारखी, डाळिंब फक्त ताटात बघितलेली. सगळी मुलं त्यांच्याकडे डोळे वटारून बघत बसली.

"काय कळलं?" सरांनी विचारलं.

"भूक लागली," कुणीतरी म्हणालं.

"बरोबर. सगळ्यात हळू जो, त्योच सगळ्यांचा वेग. बाकीच्यांनी कितीबी पळा."

तेव्हा निमगावची एक मुलगी उभी राहिली. स्वाती भोंग तिचं नाव, घरची डाळिंबाची बाग. म्हणाली, "सर, मंग त्यांना आधीच कमी फळं द्यायची हुती. आमच्याकडं नव्या बाईला आमी अर्धाच क्रेट देतो."

सरांचा चेहरा असा फुलला की तो मला आजही दिसतो. तिनं जे सांगितलं त्यावर म्हणे जाडजूड पुस्तकं आहेत. सरांनी तिला एक डाळिंब बक्षीस दिलं. ते तिच्याच बापाच्या बागेतलं निघालं, म्हणून सगळे हसले.

पण सरांची खरी ओळख म्हणजे त्यांची शेजपाळी. यंत्र एक आणि वापरणारे पुष्कळ, म्हणजे रांग आली. रांग कशी लावायची हे यंत्राला सांगावं लागतं. साधारणपणे ज्याचं काम मोठं आणि ज्याचं वजन जास्त, तो पुढे. सरांनी तसं केलं नाही. त्यांचं गाव निमगावच्याही पुढे, कालव्याच्या अगदी शेपटाला. कालव्याच्या पाण्याची तिकडे एक जुनी रीत आहे. पाणी वाटायला सुरुवात शेवटच्या रानापासून करायची आणि एकेक बारी देत वर यायचं. हीच शेजपाळी. वरच्याला आधी दिलं तर खालच्यापर्यंत थेंब पोचत नाही, एवढं साधं त्यामागचं शहाणपण. सरांनी यंत्रावर तीच रीत लावली. पहिली बारी इंदापूरच्या मुलांची, मग निमगाव केतकीच्या, मग वालचंदनगर, सणसर, आणि यंत्र ज्यांच्या आवारात उभं होतं ते आम्ही बारामतीकर त्यानंतर. पुण्याचे संशोधकही यंत्र वापरायचे. ते सर्वांत शेवटी.

मी एकदा डिवचलं, "सर, शेपूटच बघायचं तर पुणं इंदापूरपेक्षा लांब आहे."

"रस्ता मोजायचा न्हाय, मॅडम. पाणी कुठवर पोचलंय ते बगायचं. पुण्यात हाय की पाणी."

ज्याची बारी त्याचा दिवस. त्याचं काम आलं तर चालवायचं, नाही आलं तर यंत्र त्याच्यासाठी राखून ठेवायचं. स्टाफरूममध्ये यावरून पुष्कळ चेष्टा व्हायची. रिकामं यंत्र ठेवून बसणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं इंग्रजीचे सर म्हणायचे. म्हण चुकीच्या ठिकाणी वापरताहेत हे मला कळायचं, पण मुद्दा पटायचा.

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, ठेचा वाढता वाढता, भाजीचा भाव सांगावा तसं. ते लहान असताना त्यांच्या रानाची बारी होती आणि वडील कारखान्यावर गेले होते. आई तापानं फणफणलेली, दुपारपर्यंत उठू शकली नाही. उठली, फावडं घेऊन रानात गेली, तर चारी, म्हणजे रानात पाणी आणणारा पाट, कोरडी. वरच्या रानवाल्यानं चारीचं दार फोडून पाणी आपल्या उसात घेतलं होतं. आई भांडायला गेली तर तो म्हणाला, "तुमी वापरत नव्हता, म्हणून आमी घेतलं. वाया चाललं हुतं." पाटकरी, म्हणजे कालव्यावरचा सरकारी माणूस, तोही म्हणाला, बरोबर आहे त्याचं.

"आणि खरंच बरोबर हुतं त्येचं," सर म्हणाले. "वाया चाललं हुतं. आमची ज्वारी मातुर जळाली."

समिती यायची ती तारीख सरांना आधीच कळली होती. त्या दिवशी बारी निमगावची होती. स्वाती तोवर एम.एस्सी.ला आली होती आणि तिचं एक काम चाललं होतं. डाळिंबावर तेल्या पडतो. फळावर तेलकट डाग येतात, फळ तडकतं आणि बागच्या बाग जाते. पाऊस आणि वाऱ्याबरोबर तो एका बागेतून दुसरीत कसा सरकतो, याचं गणित ती मांडत होती. रोगाची बाजू मी सांगायची, यंत्राची सर. काम अवाढव्य होतं, आमच्या यंत्राशिवाय झालंच नसतं. प्रोग्राममध्ये एक चूक निघाली होती. ती दुरुस्त करून त्या दिवशी सकाळी येते म्हणाली होती.

सकाळी ती आली नाही. फोनही लागेना.

समिती यायच्या आधी प्राचार्य खोलीत आले. स्वभावानं भला माणूस, पण त्या दिवशी घामानं डबडबलेला. पडद्यावर बघतात तो यंत्र मोकळं. एकही काम चालू नाही. खाली रांगेत पुण्याच्या एका प्राध्यापकांचं भलंमोठं काम थांबलेलं.

"सर, ते सोडा ना."

"त्यांची बारी शेवटाला हाय."

"मग काहीतरी खोटं चालवा. दिवे तरी लागू देत! तासाभराचा प्रश्न आहे."

"खोटं कशाला चालवायचं?"

"रासकर सर," प्राचार्यांनी अक्षरशः हात जोडले, "आज हे रिकामं दिसलं तर यंत्र जाईल. तुमचंच जाईल."

सर स्वेटरची खालची कड ओढत उभे राहिले. मीही बोलले. म्हणाले, "सर, स्वातीलासुद्धा हे आवडणार नाही. चालवा ते पुण्याचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्ये एकदा सुरू झालं की उद्यापतोर उठत न्हाय, मॅडम. पोरगी आली तर तिला काय सांगू? तू वापरत नव्हतीस म्हणून?"

मला त्यांचा भयंकर राग आला. तो मूर्खपणा होता. आजही कधी कधी मला तसंच वाटतं.

समिती आली. चपला बाहेर काढल्या. समितीचे अध्यक्ष अगदी सौम्य गृहस्थ, आवाज न चढवणारे.

"सध्या काय चालू आहे?"

"सध्या काय न्हाय. निमगावची बारी हाय."

"त्यांचं काम कुठं आहे?"

"यायचंय."

"आणि हे पुण्याचं थांबलेलं दिसतंय? मधल्या मोकळ्या वेळात दुसऱ्याचं काम घालता येतं. सगळीकडे तसंच करतात."

"करत्यात," सर म्हणाले. "आमी न्हाय करत."

अध्यक्ष हसले. वाईट हसले नाहीत. लहान मुलाकडे बघून हसावं तसे. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, सगळ्यांनी यंत्राबरोबर फोटो काढला आणि मंडळी जेवायला विश्रामगृहाकडे गेली. तिथून पुढे परस्पर पुण्याला.

दुपार कलल्यावर स्वाती आली. चुलतभावाच्या मोटरसायकलवरून. हातांवर डाळिंबाच्या काट्यांचे ओरखडे, ओढणीला माती. दारात चपला काढून ती आत आली आणि म्हणाली, "सर, बाग काढायला ट्रॅक्टर आजच मिळाला. तेल्यानं सगळी गेली. दादा एकटेच हुते, म्हणून थांबले." दादा म्हणजे तिचे वडील. तिनं सावकाश, कुणाचा तरी निरोप सांगावा तसं ते सांगितलं. मग विचारलं, "आमची बारी गेली का?"

"हाय की," सर म्हणाले. "बस."

समिती आली होती, यंत्र रिकामं दिसलं, हे त्यांनी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही नाही. मीही नाही.

प्रोग्राम चालला. चारी कपाटांचे दिवे एकदम लागले, पंखे घोंघावायला लागले. संध्याकाळपर्यंत पडद्यावर तालुक्याचा नकाशा उमटला आणि एकेक बाग लाल होत गेली, वाऱ्याच्या अंगानं, अगदी तिनं कागदावर मांडलं होतं तशी. एका चौकोनावर बोट ठेवून ती म्हणाली, "ही आमची." आणि मग, "सर, हे आधी कळलं असतं तर?"

"पुढच्याला कळंल," सर म्हणाले.

ती मान हलवून बसली. कुणाच्याच डोळ्यात पाणी आलं नाही. मी बसची वेळ बघितली आणि निघाले.

पत्र यायला काही महिने लागले. स्थानिक वापर अपुरा असल्यानं केंद्र हलवण्यात येत आहे, असं त्यात होतं. सोबत दिलाशाचं एक वाक्य: यापुढे यंत्र पुण्यात राहील आणि सर्वांना तिथं ऑनलाइन काम पाठवता येईल. त्यासाठी अर्ज करायचा, सोबत संशोधनाचा प्रस्ताव आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शकाची सही जोडायची. निमगावच्या कॉलेजात असा मार्गदर्शक कोण असणार? शनिवारी शिकायला येणाऱ्या पोरांनी कसला प्रस्ताव लिहायचा? प्राचार्य स्टाफरूममध्ये येऊन एवढंच म्हणाले, "मी सांगत होतो." मग त्यांनी पत्र सरांपुढे ठेवलं. सरांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि डबा उघडला. त्या दिवशी ठेचा वाढायचं विसरले. मी मागितला नाही.

न्यायला ट्रक आला त्या दिवशी मला वाटलं होतं, सर रजा टाकतील. ते सर्वांच्या आधी हजर. हमालांना चहा पाजला, कपाटं कुठून धरायची ते दाखवलं, ट्रकमध्ये स्वतः चढून दोर आवळले. ड्रायव्हरला म्हणाले, "पाटसपतोर गतिरोधक लई हायती. दमानं ने, आतलं हादरतंय." मुलगी सासरी पाठवताना बाप व्याह्यांना काय काय सांगतो, तसलं काही त्यात नव्हतं. नुसत्या सूचना होत्या. मी पायरीवर उभी राहून बघत होते आणि काही वाटेल म्हणून वाट बघत होते. काही वाटलं नाही. ट्रक फाटकातून वळला आणि मागे फुफाटा बसायला थोडा वेळ लागला. सरांनी हात झटकले आणि घड्याळ पाहिलं. त्यांचा तास होता.

मला तो तास मोकळा होता. त्यांना एकटं सोडावंसं वाटेना, म्हणून मी जाऊन शेवटच्या बाकावर बसले. मुलांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ट्रक सगळ्यांनीच पाहिला होता. सरांनी फळा पुसला आणि मागच्या तासाला जिथं थांबले होते तिथून पुढे शिकवायला लागले. काम कसं तोडायचं, तुकडे कसे वाटायचे, उत्तरं कशी गोळा करायची. आवाज नेहमीचाच. उदाहरणं नेहमीसारखीच चांगली. अंगावर स्वेटर नव्हता, आणि त्यामुळे ते एकदम बारीक दिसत होते.

तास संपत आला तेव्हा पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. नवीन होती, तिला समजलं नसावं. म्हणाली, "सर, हे लिहिलं. पण चालवून कुठं बघायचं?"

सर फळ्याकडे तोंड करून होते. खडू हातात तसाच. पुढच्या बाकावरच्या पोरानं खाली मान घातली.

मग ते वळले. खडू खाली ठेवला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि बसले. "हिकडं आण," म्हणाले.

तिनं वही नेली. सरांनी प्रोग्रामच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हा आकडा पयल्याला गेला. हा दुसऱ्याला. आता पयला बेरीज करतोय, थांब... झाली. आता दुसरा." एकेका प्रोसेसरचं काम ते मनातल्या मनात करून सांगत होते, ओळीमागून ओळ, बोट पुढे सरकवत. एका जागी थांबले, मागे गेले, पुन्हा मोजलं. "हितं चूक हाय बग. हितं त्यो थांबून ऱ्हाईल." तिनं खोडून दुरुस्त केलं. मग त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

तिच्यामागे दुसरा उभा राहिला, वही घेऊन. त्याच्यामागे आणखी एक. मग बाकं एकेक करून रिकामी होत गेली आणि सगळा वर्ग टेबलापासून दारापर्यंत रांगेत उभा राहिला. घंटा झाली. कुणी हललं नाही. सरांचं बोट अजून दुसऱ्याच वहीवर होतं.

मला पुढचा तास होता. मी मागच्या दारानं बाहेर पडले.